एकाच शेंड्यावर उभं झाड

एप्रिल-मेमध्ये पुण्यात स्वारगेटच्या आसपास हातगाड्यांवर ताडगोळे दिसू लागतात. काळपट जांभळी फळं, शेजारी सोललेले पांढरे गोळे आणि विक्रेत्याच्या हातात कोयता. घाटावर ताड तुरळक; त्याचं खरं राज्य कोकणपट्टीत, डहाणू-पालघर-वसईपासून खाली रायगडापर्यंत. बहुतेक पुणेकरांची या झाडाशी ओळख हातगाडीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. पण ताडाचा जवळजवळ प्रत्येक भाग माणसाच्या उपयोगी पडला आहे, आणि तो का पडला हे त्याच्या शरीराची घडण पाहिली की समजतं.

आधी गोळ्याचंच पाहू. ताडगोळा हा फळाचा गर नव्हे, ते कोवळं बी. एका फळात बहुधा तीन असतात. कोंबासाठी साठवलेलं अन्न सुरुवातीला पातळ असतं. त्यात पेशींच्या भिंती नसतात, नुसती केंद्रकं तरंगत असतात. मग कडेकडून भिंती उभ्या राहू लागतात आणि पाण्याची जेली होते. आपण खातो तो हाच टप्पा. पुढे या भिंतींमध्ये मॅनन नावाचं कर्बोदक साचत जातं आणि तेच बी इतकं टणक होतं की दात लागत नाही.

आता खोड. आंबा, वड, साग यांच्या सालीखाली कॅम्बियम हा पेशींचा वाढता थर असतो. तो दरवर्षी आत नवं लाकूड आणि बाहेर नव्या अन्नवाहिन्या तयार करतो. ताडाला हा थरच नाही. त्यामुळे रोपट्याची पहिली काही वर्षं बुंधा पुरेसा रुंद करण्यातच जातात, त्यानंतर झाड उंच होऊ लागतं. वर चढण्यासाठी खोडाला पाडलेल्या खाचाही कॅम्बियम नसल्यामुळेच कधी भरून येत नाहीत. आणि साखर वाहून नेणाऱ्या ज्या नळ्या एकदा तयार झाल्या, त्याच झाडाच्या अखेरपर्यंत जिवंत राहून काम करतात. शंभर वर्षांच्या ताडाच्या बुंध्यात शंभर वर्षांच्या जिवंत पेशी असू शकतात. वनस्पतिशास्त्रात मला याहून थक्क करणाऱ्या गोष्टी फार थोड्या माहीत आहेत.

नीरा येते ती याच नळ्यांमधून. फुलं यायच्या सुमारास ताडाच्या शेंड्याजवळ पोय, म्हणजे फुलोरा, फुटते. ताडी काढणारा ती बांधतो, काही दिवस हलक्या हाताने ठोकतो आणि मग रोज टोकाचा पातळ काप काढतो. फुलांसाठी निघालेला साखरेचा रस मडक्यात ठिबकू लागतो. रोजचा काप चुकला तर जखम बंद होते, खोल गेला तर पोय वाया जाते. हे कौशल्य पुस्तकातून येत नाही. ज्या पोयीतून रस काढला तिला फळं धरत नाहीत, त्यामुळे मादी झाडाच्या मालकाला ताडगोळे हवेत की रस, हे आधीच ठरवावं लागतं.

ताज्या रसात साखर साधारण १२ टक्क्यांच्या आसपास असते. हवेतल्या आणि मडक्यातल्या यीस्टला एवढं पुरतं. उन्हं चढेपर्यंत त्याची ताडी व्हायला लागते. मडक्याला आतून चुना लावला की रस अल्कधर्मी होतो, यीस्ट मंदावतं आणि हातात नीरा येते. एकच रस, फरक फक्त चुन्याचा आणि वेळेचा. सरकारी कायदेही याच फरकाभोवती फिरत आले. मुंबई इलाख्याच्या १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर झाडांवरचा कर जबर वाढला आणि ठाणे-कुलाब्याकडचे ताडी काढणारे भंडारी त्याविरुद्ध उभे राहिले. पुढे वर्ध्यात, १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या काळात, गांधीजींचे सहकारी गजानन नाईक यांनी याच रसाचा गूळ करण्याचं काम नेटाने चालवलं. नीरा आटवून गूळ केला तर झाडही राहतं, रोजगारही राहतो आणि दारूही होत नाही, असा तो विचार होता. तो मला आजही पटतो.

पानांबद्दल थोडक्यात. शिरा समांतर, वरचा थर चिवट, म्हणून पानाच्या लांब पट्ट्या निघतात. छपरं, पंखे, चटया, टोपल्या आणि पोथ्या त्यातूनच झाल्या. पुण्याच्या भांडारकर संस्थेतही ताडपत्रावरच्या पोथ्या जपलेल्या आहेत. पश्चिम भारतात त्या शाईने लिहीत. दक्षिणेत आणि ओडिशात लोखंडी लेखणीने अक्षरं कोरून त्यांत काजळी भरत. पश्चिमेकडच्या पुष्कळ पोथ्या मात्र ताडाचा भाऊबंद असलेल्या श्रीतालाच्या रुंद पानांच्या आहेत. ताडपाकोळी हा पक्षी आपलं घरटं लाळेने ताडाच्या पानांना चिकटवतो.

अलीकडे ताडाकडे नव्या कामासाठी पाहिलं जातं आहे. बांगलादेशाने २०१६ मध्ये वीज पडणं ही आपत्ती म्हणून जाहीर केली आणि ताडाची मोठी लागवड हाती घेतली. ओडिशाने २०२४ मध्ये १९ लाख ताड लावण्याची योजना मांडली. मोकळ्या शेतात सगळ्यात उंच आणि ओलसर खोडाचं हे झाड वीज स्वतःवर घेतं, ही त्यामागची कल्पना. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. ताडाला वाढीचा शेंडा एकच. तो जळाला की सगळं झाड मरतं. शिवाय पुरेशी उंची यायला कित्येक वर्षं लागतात, आणि विजा चमकत असताना त्याच्याखाली उभं राहणं जिवावर बेतू शकतं.

लावायचेच तर बी थेट जागेवर पुरावं लागतं. त्याचा कोंब आधी वर न येता खोल जमिनीत उतरतो आणि वणवा-दुष्काळापासून बचावतो. म्हणूनच उपटून दुसरीकडे लावलेलं रोप सहसा जगत नाही. पावसाळ्यात पिकून पडलेली फळं गोळा करून बांधावर बिया पुराव्यात, आणि एकीवर थांबू नये. झाड नर की मादी हे पहिली पोय फुटेपर्यंत, म्हणजे बारा-पंधरा वर्षं तरी, कळत नाही, आणि ताडगोळे येतात ते फक्त मादीला.