हवाईची प्राचीन शेती : पुरावा आणि अनुमान

प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर १७७८ साली कॅप्टन कुक पोहोचला, तोवर तेथे लेखनविद्या नव्हती. त्यामुळे तत्पूर्वीच्या अन्नव्यवस्थेच्या अभ्यासकास दप्तरांऐवजी बांध, माती आणि मौखिक परंपरा यांचाच आधार घ्यावा लागतो. या शोधातील कळीचा प्रश्न असा की, ही भूमी किती लोकांस पोशीत होती? कुकच्या वेळची लोकसंख्या २ ते ३ लाख मानण्याचा प्रघात होता. १९८९ मध्ये डेव्हिड स्टॅनर्ड यांनी ती ८ लाख वा त्याहून अधिक असावी, असे प्रतिपादिले. हा आकडा जितका मोठा, तितका पुढे परकीय रोगांनी झालेला संहारही भीषण ठरतो.

तेथील शेती मुख्यतः दोन प्रकारची होती. खोऱ्यांत ओढ्याचे पाणी पाटाने खाचरांत खेळवून ‘कालो’ पिकवीत व ते पाणी पुन्हा ओढ्यास सोडीत. कालो म्हणजे आपले अळूच होय. मात्र तेथे त्याचा कंद हे मुख्य अन्न. पर्जन्यछायेतील उतारांवर प्रामुख्याने रताळी लावीत.

या दुसऱ्या प्रकाराचा उत्तम पुरावा हवाई बेटावरील कोहाला येथे आढळतो. सुमारे ६० चौरस किलोमीटर क्षेत्रावर तेथे बुटक्या बांधांचे जाळे आहे. बांध पायवाटेच्या दोन्ही अंगांस एकाच रेषेत असेल तर तो पायवाटेहून जुना. पायवाटेशी येऊन थांबत असेल तर नंतरचा. या न्यायाने पाहता शेते उत्तरोत्तर लहान तुकड्यांत विभागली गेली, असे दिसते. पीटर व्हिटौसेक व त्यांचे सहकारी यांनी २००४ मध्ये मातीच्या परीक्षणावरून दाखविले की, ही शेती एका मधल्या पट्ट्यातच शक्य होती : खाली पाऊस अपुरा, तर वर अतिवृष्टीने मातीतील पोषकद्रव्ये वाहून गेलेली.

तथापि बांध शेतीचा विस्तार सांगतात, उत्पन्न नव्हे. कोणते शेत किती वर्षे पडीक ठेवीत, हे त्यांवरून कळत नाही. म्हणून क्षेत्रफळावरून थेट लोकसंख्या काढणे धोक्याचे होय.

हा विषय केवळ भूतकाळाचा नाही. ओआहू बेटावरील वाइआहोले खोऱ्याचे पाणी १९१६ पासून बोगद्याने उसाच्या मळ्यांकडे वळविण्यात आले व कालोची खाचरे पाण्यास मुकली. २००० साली हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने पाणी ही सार्वजनिक विश्वस्त संपत्ती असल्याचे सांगून मूळ रहिवाशांच्या परंपरागत हक्कांस त्यात संरक्षण दिले. अशा वादांत जुने पाट व खाचरे कोठे होती, हे जाणणाऱ्या अभ्यासकाचे काम म्हणजे हक्काची साक्ष ठरते.