निवासी उष्णता पंपाची नियमित देखभाल : एक शास्त्रीय विवेचन

प्रस्तावना :

स्वित्झर्लंडमधील झुरिक शहराच्या नगरभवनात १९३८ साली लिम्मत नदीच्या पाण्यातील उष्णता घेऊन इमारत तापविणारा पंप कार्यान्वित झाला. तो २००१ पर्यंत, म्हणजे ६३ वर्षे चालला. त्याच तत्त्वावरील घरगुती उष्णता पंप आज नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, जपान आदी देशांत मोठ्या प्रमाणावर वापरले जातात. महाराष्ट्रात घर तापविण्याची गरज क्वचितच भासते. तथापि आपल्याकडील स्प्लिट वातानुकूलन यंत्र हा एकाच दिशेने चालणारा उष्णता पंपच होय. उत्तर भारतात 'हॉट अँड कोल्ड' या नावाने विकले जाणारे यंत्र दोन्ही दिशांनी चालते. प्रस्तुत लेखात हवेतून उष्णता घेणाऱ्या स्प्लिट पंपाच्या देखभालीचा विचार केला असून, देखभाल म्हणजे दरवर्षी 'गॅस भरणे' हा रूढ समज कितपत ग्राह्य आहे, हे विशेषत्वाने तपासले आहे.

कार्यतत्त्व :

उष्णता पंप उष्णता निर्माण करीत नाही, तो ती वाहून आणतो. बाहेरील कॉइलमध्ये प्रशीतक कमी दाबाखाली उकळते व थंड हवेतूनही उष्णता शोषून घेते. कॉम्प्रेसर त्या वाफेचा दाब व तापमान वाढवितो आणि घरातील कॉइलमध्ये तिचे द्रवात रूपांतर होताना ती उष्णता खोलीला मिळते. चौमार्गी झडप फिरविली की हाच क्रम उलटतो व यंत्र खोली थंड करू लागते.

देखभालीचे महत्त्व या क्रमातच दडलेले आहे. प्रशीतक बाहेर ० अंशावर उकळत असेल व आत ४० अंश सेल्सिअसला द्रवरूप होत असेल, तर कार्यगुणांकाची सैद्धांतिक कमाल मर्यादा ३१३ भागिले ४०, म्हणजे सुमारे ७.८ येते. जाळीवर व कॉइलवर धूळ साचली की तेवढीच उष्णता देण्यासाठी तापमानांतील अंतर वाढवावे लागते. समजा, ही तापमाने उणे ५ व ४५ झाली, तर मर्यादा ३१८ भागिले ५०, म्हणजे सुमारे ६.४ उरते. प्रत्यक्ष यंत्राचा कार्यगुणांक या मर्यादेच्या बराच खाली, ३ ते ४ च्या आसपास असतो, परंतु घसरणीची दिशा तीच. थोडक्यात, बोटभर धुळीची किंमत विजेच्या देयकात मोजावी लागते.

हवेचा मार्ग :

म्हणूनच देखभालीचा मोठा भाग हवेचा मार्ग मोकळा ठेवण्याचा आहे आणि तो कुटुंबातील कोणीही करू शकतो. विद्युतपुरवठा बंद करून आतील युनिटची जाळी काढावी, कोमट पाण्याने धुवावी व सावलीत पूर्ण वाळवून बसवावी. सतत वापराच्या काळात हे दर दोन ते चार आठवड्यांनी होणे इष्ट. बाहेरील युनिटभोवतीचा पालापाचोळा दूर करावा. कॉइलवरील ॲल्युमिनियमच्या पाती फार नाजूक असतात. जोरदार फवाऱ्याने त्या वाकतात आणि साफसफाईनेच हवा अडते. किनारपट्टीवर, उदाहरणार्थ कोकणात, खारट वाऱ्याने या पाती गंजतात. तेथे बाहेरील कॉइल साध्या पाण्याने अधिक वेळा धुणे आवश्यक ठरते. पाण्याची निचरा-नळी तुंबली की घरात भिंतीवर ओल येते, हा अनुभव सर्वपरिचित आहे.

थंड प्रदेशात बाहेरील कॉइलवर हिम साचते. ते वितळविण्यासाठी यंत्र काही मिनिटे आपोआप उलट दिशेने चालते. बाहेरचा पंखा थांबतो, युनिटमधून वाफ निघते. हा बिघाड नव्हे. साचलेला बर्फ टोकदार वस्तूने खरवडणे मात्र निश्चितपणे बिघाडाला निमंत्रण देते.

प्रशीतकाविषयीचा गैरसमज :

मार्च-एप्रिल आला की 'गॅस संपला असेल, भरून घ्या' हा सल्ला आपल्याकडे हमखास ऐकू येतो. वस्तुतः प्रशीतक हे पेट्रोलसारखे इंधन नाही. ते बंद परिपथात फिरते आणि खर्च होत नाही. ते कमी झाले असेल, तर कोठेतरी गळती आहे. गळती न शोधता पुन्हा गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय. यात कुटुंबाचे पैसे जातात हे खरेच, पण हानी तेवढीच नाही. आर-४१०ए या प्रशीतकाची जागतिक तापमानवाढ-क्षमता शंभर वर्षांच्या मापाने २०८८ आहे. त्याचा १ किलोग्रॅम हवेत सुटणे हे सुमारे २.१ टन कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे. आर-३२ साठी हा आकडा ६७५ आहे. अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटविण्यासाठी २०१६ मध्ये किगाली दुरुस्ती झाली व भारताने ती २०२१ मध्ये अनुसमर्थित केली.

युरोपीय संघात ५ टन कार्बन डायऑक्साइडशी समतुल्य वा त्याहून अधिक प्रशीतक असलेल्या यंत्रांची गळती-तपासणी सक्तीची आहे. आर-३२ च्या बाबतीत ही मर्यादा सुमारे ७.४ किलोग्रॅमला येते. एक-दीड किलोग्रॅमच्या घरगुती यंत्रावर ती लागूच होत नाही. तेथे जबाबदारी मालकाच्या विवेकावर राहते.

तंत्रज्ञाचे काम :

वर्षातून एकदा प्रशिक्षित तंत्रज्ञाने विद्युतजोडण्या, कॉम्प्रेसरचा विद्युतप्रवाह आणि तापमानांतील फरक तपासावा. जोडांवर तेलाचे डाग दिसल्यास गळतीचा संशय घ्यावा. दुरुस्तीची योग्य पद्धत अशी : उरलेले प्रशीतक हवेत न सोडता बाटलीत जमा करणे, नायट्रोजनच्या दाबाखाली साबणाच्या पाण्याने गळतीची जागा शोधून ती बंद करणे, निर्वात पंपाने नळ्यांतील हवा व ओलावा काढणे, आणि शेवटी प्रशीतक वजनकाट्यावर मोजून भरणे. आर-४१०ए हे दोन वायूंचे मिश्रण असल्याने ते द्रवरूपात भरावे लागते. आर-३२ सौम्य ज्वलनशील व आर-२९० म्हणजे प्रोपेन अतिज्वलनशील असल्याने हे काम हौशी हातांचे नाही.

यंत्रावरील पट्टीवर कारखान्यात भरलेल्या प्रशीतकाचे वजन छापलेले असते. तंत्रज्ञाने किती ग्रॅम काढले व किती भरले, हे पावतीवर लिहून घ्यावे. पुढील वर्षी तोच 'गॅस संपला' असे सांगू लागल्यास ही पावती पुढे करता येते.