शेवयांतील दीर्घायुष्याची भावना

वाढदिवस म्हटला की आज केक आणि मेणबत्त्या डोळ्यांसमोर येतात. चीनमध्ये मात्र या दिवशी वाडगाभर लांबलचक शेवया वाढण्याची जुनी रीत आहे. त्यांना तेथे ‘छांगशौ म्येन’ म्हणतात. ‘छांगशौ’ म्हणजे दीर्घायुष्य आणि ‘म्येन’ म्हणजे पिठाच्या शेवया. शेवई जितकी लांब तितके आयुष्य लांब, अशी त्यामागील भावना आहे. म्हणून ती शिजवताना कापत नाहीत आणि खाताना मध्येच दाताने तोडत नाहीत. काही ठिकाणी तर संपूर्ण वाडग्यात एकच अखंड शेवई असते. वडीलधाऱ्यांच्या साठीला या पदार्थाचा विशेष मान असतो.

ही रीत आपल्याला परकी वाटू नये. वाटूर, मंठा, परतूर या आपल्या भागात उन्हाळी वाळवणात पापड-कुरडयांबरोबर शेवयांना स्थान आहेच. गहू ओलवून दळायचा, पीठ वस्त्रगाळ करायचे, मीठ-पाण्यात घट्ट मळून मुरू द्यायचे आणि मग तो गोळा हातांनी ओढत, दुमडत शेवया काढायच्या. हाताने शेवया ओढणारे चिनी कारागीरही याच पद्धतीने दुमडत जातात. प्रत्येक दुमडीला धागे दुप्पट होतात. एकाचे दोन, दोनाचे चार, आणि दहाव्या दुमडीला 1024! चक्रवाढीचे गणित जाणणाऱ्या व्यापारी घरांना याचे मर्म वेगळे सांगावयास नको.

भेद आहे तो घटकांत. चिनी पदार्थ बहुधा मांसाच्या रश्शात किंवा अंड्यासह वाढतात. काही प्रकारांत तर पीठच अंड्यात मळलेले असते. म्हणून बाहेर नूडल्स मागविताना चौकशी अवश्य करावी. पाकिटावरील हिरवे चिन्ह अंडे नसल्याची खात्री देते, कांदा-लसूण नसल्याची नव्हे. आपल्या शेवयांत केवळ गहू, पाणी व मीठ. तेव्हा चिनी पाककृती नको, पण तिच्यामागील सद्भावना घेण्यास काय हरकत आहे?

खरी चिंता निराळी आहे. हातशेवया एकटीचे काम नव्हे. शेजारच्या चार जणी जमल्या तरच बाजेवर शेवया पसरत. आता यंत्राच्या शेवया सहज मिळतात आणि श्रम वाचतात, हे मान्यच. परंतु ज्यांच्या बोटांत ही कला आहे, त्या आजीबाई आता सत्तरी-पंच्याहत्तरीच्या पुढे गेल्या आहेत. त्यांच्याकडून कोणी शिकले नाही, तर ती त्यांच्याबरोबरच संपेल.

म्हणून येत्या उन्हाळ्यात एक दुपार मुली-सुनांनी, आणि मुलांनीही, आजीजवळ बसावे. पावसाळी दमटपणात शेवयांत जीवोत्पत्ती होते. तेव्हा चातुर्मासापूर्वी संपतील इतक्याच कराव्यात. घरात कोणाची पंच्याहत्तरी वा सहस्रचंद्रदर्शन असेल, तर त्या न मोडता उकडून, निथळून, दूध-साखर व तुपासह वाढाव्यात. ‘औक्षवंत हो’ या आशीर्वादातील ‘औक्ष’ म्हणजे आयुष्यच. ओवाळून झाल्यावर तोच आशीर्वाद ताटातही वाढला जाईल.