दोनशे बारांची नळी

मालवणच्या किनाऱ्यावर मृगाचा पाऊस कोसळू लागला आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाभोवतीचे पाणी गढूळ होऊन तळाचे खडक दिसेनासे झाले, की पर्यटकांना पाण्याखाली नेण्याचा तिथला व्यवसाय काही महिन्यांपुरता मिटतो. आणि ज्या सामानाकडे हंगामाच्या धामधुमीत नीट पाहायला कुणाला सवड झालेली नसते, ते सारे सामान या रिकाम्या दिवसांत पत्र्याच्या शेडमधल्या एका लांब टेबलावर दुरुस्तीसाठी येऊन पडते. सिलिंडर, रेग्युलेटर, हवा भरायची जाकिटे यांच्या त्या पसाऱ्यात मी मुद्दाम पाहायला गेलो होतो ती वस्तू दिसायला अगदीच सामान्य आहे. करंगळीएवढी जाड, दोन हात लांब, काळ्या रबराची एक नळी, जिचे एक टोक रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्यात घट्ट बसवलेले असते आणि दुसऱ्या टोकाला सिलिंडरमध्ये हवा किती उरली हे सांगणारा दाबमापक लोंबत असतो. पाणबुड्यांच्या बोलण्यात तिचे नाव नुसते ‘एच. पी. होज’, म्हणजे उच्चदाबाची नळी.

या नळीविषयी नवख्याच्या मनात जी धास्ती असते ती सकारण आहे. ॲल्युमिनियमच्या नेहमीच्या सिलिंडरात सुमारे 11 लिटर जागा असते आणि तीत 200 बार दाबाने हवा कोंबलेली असते. म्हणजे मोकळ्यावर जी 2200 लिटर जागा व्यापील एवढी हवा एका माणसाच्या पाठीवर बसते आणि सिलिंडराच्या अंतर्भागाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दोनशे किलोंहून अधिक भार टाकते. हा दाब फुप्फुसांना सोसणारा नव्हे, म्हणून रेग्युलेटरचा पहिला टप्पा तो भोवतालच्या पाण्यापेक्षा केवळ नऊ-दहा बार अधिक इतका उतरवतो आणि मगच ती हवा तोंडाकडे व जाकिटाकडे जाणाऱ्या नळ्यांत सोडतो. दाबमापकाची नळी मात्र या सवलतीला पात्र नाही. सिलिंडरात खरोखर काय आहे याची खबर तिला द्यावयाची असल्यामुळे तो सारा दाब, कसलीही काटछाट न होता, तिच्या पोटात उतरतो.

तरीही, आणि हे मला त्या टेबलापाशी बसल्यावरच नीट उमगले, सर्वांत अधिक दाबाची नळी ही सर्वांत अधिक धोक्याची नळी नव्हे. तिथे दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञाने एक जुनी नळी सोडवून तिचे पितळी टोक माझ्या डोळ्यांसमोर खिडकीच्या उजेडात धरले. टोकाच्या मध्यभागी जे छिद्र होते ते इतके सूक्ष्म की प्रथम मला ते दिसलेच नाही. शिवणाच्या सुईचे अग्रही त्यात जेमतेम शिरले असते. दाबमापकाला हवेचा प्रवाह लागतच नाही, त्याला दाबाची वर्दी तेवढी पुरते, आणि ती वर्दी एवढ्याशा भोकातूनही क्षणात पोचते. परंतु नळी फुटलीच, तर सिलिंडरातली हवा बाहेर पडायलाही तेच भोक, त्यामुळे बुडबुड्यांचा गलका कितीही भयानक वाटला तरी सावकाश वर येण्याइतका अवधी पाणबुड्याला मिळतो. उलट तोंडाकडे जाणारी नळी अवघ्या दहा बारांची, पण माणसाला दमादमाला भरपूर हवा पुरवावयाची म्हणून तिची वाट प्रशस्त ठेवलेली, आणि ती तुटली तर भरलेला सिलिंडर काही थोड्या मिनिटांत रिता होतो. आकडा पाहून भिणारा माणूस येथे चुकीच्या नळीला भितो.

मग उच्चदाबाच्या नळीची इतकी निगा कशासाठी? कारण ती गेली म्हणजे हवेपेक्षाही आधी हवेचा हिशेब जातो. 1943 साली कूस्तो आणि गान्याँ यांनी फ्रान्समध्ये पाण्याखाली श्वास घेण्याचे जे उपकरण सिद्ध केले, त्याच्या आरंभीच्या काळात पाण्यात शिरल्यावर किती हवा शिल्लक आहे हे पाहण्याची सोयच नव्हती. श्वास ओढायला जड जाऊ लागला की पाणबुडा पाठीमागची एक दांडी खाली ओढी, राखून ठेवलेली थोडी हवा मोकळी होई, आणि त्या शिलकीवर तो वर येई. ती दांडी खडकाला अडकून आधीच ओढली गेलेली असली, तर शिल्लक कधीच संपलेली असे आणि त्या बापड्याला त्याचा पत्ताही नसे. पाण्याखाली वाचता येणारा दाबमापक सर्रास झाला तेव्हा कुठे हा अंदाजपंचे कारभार थांबला. मालवणात अर्ध्या तासासाठी पैसे मोजून आलेला पर्यटक तो काटा बहुधा पाहतच नाही, त्याचे सारे चित्त माशांकडे. त्याच्या वतीने काटा पाहणारा माणूस त्याला धरून पोहत असतो, आणि त्या माणसाचा सारा भरवसा या दोन हात नळीवर.

तंत्रज्ञाचा हात नळीच्या मध्यावर क्वचितच रेंगाळे, त्याचा संशय दोन्ही टोकांवर. जेथे नळी पहिल्या टप्प्यातून बाहेर पडून एकदम वळते, तेथे तिला मोड पडू नये म्हणून रबराचे एक जाड वेष्टण चढवलेले असते, आणि रक्षणासाठी योजलेले हे वेष्टणच पुष्कळदा दोषाला आसरा देते. “वरसून काय दिसणा नाय, काकानू, ह्या सरकवल्याशिवाय कळाचा नाय,” असे म्हणत त्याने वेष्टण मागे ओढले. खाली मिठाचा पांढरा थर, पितळी कड्यावर हिरवट कळंक, आणि कड्याला लागून रबरावर केसाएवढी एक चीर. त्याने नळी हलकेच वाकवली तेव्हा ती चीर उघडली आणि आतल्या विणीचे धागे दिसले. वेष्टण जागच्या जागी असते तर ही नळी आणखी एक हंगाम बिनबोभाट चालली असती, निदान चालते आहे असे सर्वांना वाटले असते. ऊन, खार, होडीतल्या डिझेलचा ओघळ, लोंबत्या दाबमापकाचे ओझे आणि वेळ संपला की सामान घाईने गुंडाळण्याची सवय ही तिच्या ऱ्हासाची कारणे; त्यांत दाबाचा क्रम माझ्या मते सर्वांत शेवटी लागतो, कारण अशी नळी सामान्यतः नेहमीच्या दाबाच्या कितीतरी पट दाब सोसेल अशीच घडवलेली असते.

यानंतर दुसऱ्या एका नळीची पाण्याच्या टबात परीक्षा. सिलिंडरची चावी उघडताना त्याने दाबमापकाची काच स्वतःच्या आणि माझ्या तोंडापासून फिरवून जमिनीकडे केली. मापकाच्या डबीत 1849 साली बूर्दाँ नावाच्या फ्रेंच कारागिराने पेटंट घेतलेल्या पद्धतीची एक चपटी, वाकलेली धातूची नळी असते. दाबाने ती किंचित सरळ होते आणि काटा फिरतो. ती फुटली तर दाब निघून जावा म्हणून डबीला सुटून येणारे बूच ठेवलेले असते, परंतु बुचावर विसंबून काचेसमोर तोंड धरणे हा शहाणपणा नव्हे. पाण्यात बुडवल्यावर नळीच्या अंगावर इतस्ततः काही बारीक बुडबुडे चिकटले. त्यांना पाहून मी चपापलो. तो मात्र चपापला नाही. अस्तरातून अल्पशी हवा झिरपणारच आणि ती आवरणाखाली साचून फुगवटा येऊ नये, म्हणून अशा रबरी नळीच्या आवरणाला कारखान्यातच बारीक टोचण्या मारलेल्या असतात. त्याचे लक्ष होते दाबमापकाच्या बुडाशी. तेथून बुडबुड्यांची एक अखंड सर वर येत होती. नळी आणि मापक यांच्या सांध्यात तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी अशी एक पोकळ पिन असते, तिच्या दोन टोकांना दोन चिमुकल्या ओ-रिंगा, आणि मापक हातात घेऊन शंभरदा फिरवला जात असल्यामुळे त्या झिजतात. चावी बंद करून, हवा सोडून, काटा शून्यावर आल्याची खातरजमा करून त्याने दोन पान्यांनी सांधा सोडला आणि ओ-रिंगा बदलल्या.

अलीकडे रबराऐवजी नायलॉनच्या विणीची, हलकी आणि हवी तशी वळणारी नळी आली आहे. ती सुंदर आहे, रंगीत आहे, आणि तरुण मुलांना तीच हवी असते. तिच्या आतले अस्तर पॉलियुरेथेनचे. त्यातला एक प्रकार उष्ण व दमट हवेत पाण्याच्या अंशाने हळूहळू विघटित होतो, आणि तोंडाकडे हवा नेणाऱ्या अशा काही नळ्यांच्या पोटात स्फटिक साचून हवेची वाट अडल्याचे प्रकार घडल्यावर डायव्हर्स अलर्ट नेटवर्कने त्याविषयी सावधगिरीची सूचना दिली होती. रबर निदान बाहेरून तडकून आगाऊ नोटीस देते. येथे बाहेर सारे झळझळीत आणि बिघाड पोटात. कोकणची हवा लक्षात घेता माझे मत कुरूप रबराच्या बाजूचे आहे.

सिलिंडराच्या बाबतीत सरकारचा अंमल कडक आहे. नागपूरला ज्याचे मुख्य कार्यालय आहे त्या स्फोटके-सुरक्षा खात्याच्या नियमांनुसार त्याची मुदतीने जलदाबाने चाचणी व्हावी लागते आणि चाचणीची तारीख धातूच्या खांद्यावर ठोकलेली असते. नळीचे असे दप्तर शेडमध्ये कुणी ठेवत नाही. पुष्कळ नळ्यांच्या कड्यावर निर्मितीचे साल कोरलेले असते, पाचेक वर्षांनी नळी बदलावी असे जाणकार सांगतात, पण ते साल वाचण्यासाठी पुन्हा तेच वेष्टण मागे सारावे लागते. येथल्या तंत्रज्ञाने शाळकरी वहीत आपल्यापुरती नोंद ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर पाणबुड्यांची नळी नसून काँप्रेसरपासून सिलिंडरात हवा भरणारी नळी आहे, आणि ते मला यथायोग्य वाटले; तिला वाट मोठी लागते म्हणून सुईच्या अग्राएवढ्या छिद्राचे संरक्षण तिला नाही, आणि ती तुटली तर सापाच्या वळशाने शेडभर आपटत सुटते.

निकामी ठरलेली नळी मालकाला टाकवत नाही, कारण ती स्वस्त नसते. ‘राहू द्या, अडीनडीला उपयोगी पडेल’ हे वाक्य मी तेथे बसल्या बसल्या ऐकले. तंत्रज्ञाने मान डोलावली, मालकाची पाठ वळताच नळी लोखंडी कात्रीने मधोमध तोडली, दोन्ही तुकडे भंगाराच्या पिंपात टाकले आणि वहीत तिच्या नावावर काट मारली.