सात मिनिटांसाठी अख्खा दिवस!

वीकेंडला काय करायचं, या प्रश्नाचं उत्तर दर वेळी लोणावळा किंवा सिंहगडच असायला हवं का? पुण्यात हडपसरला डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं ग्लायडिंग सेंटर आहे. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. हो, इंजिनच नाही! तरी ते उडतं, वळतं आणि नीट उतरतंही. ग्लायडिंग क्लबवरचा वीकेंड कसा असतो, ते बघू या.

पहिली गोष्ट म्हणजे शिकायला गेलात, की लगेच कुणी कॉकपिटमध्ये बसवत नाही. आधी कामाला लागायचं. हँगरमधून ग्लायडर हाताने ढकलत बाहेर काढायचं, उतरलेलं ग्लायडर परत सुरुवातीच्या जागी आणायचं आणि डोक्यावर टोपी घालून आपल्या नंबराची वाट बघायची. ग्लायडरच्या पोटाखाली एकच मुख्य चाक असतं. त्यामुळे जमिनीवर ते एका पंखावर कलंडून उभं राहतं. निघताना कुणीतरी तो पंख उचलून सरळ धरतं आणि सोबत काही पावलं धावतं. पलीकडे, साधारण एक किलोमीटरवर विंच असतो. म्हणजे ताकदवान इंजिनावर फिरणारा मोठा ड्रम. तो केबल गुंडाळायला लागला की ग्लायडर पुढे खेचलं जातं आणि वर चढतं. दोरा ओढल्यावर पतंग चढतो ना, अगदी तसंच.

तुमचा नंबर आला. पट्टे घट्ट, कॅनॉपी बंद, इन्स्ट्रक्टर मागच्या सीटवर. केबल ताणली जाते आणि तीन-चार सेकंदांत चाक जमीन सोडतं. नाक इतकं वर, की समोर फक्त आकाश! पोटात गोळा येईपर्यंत तुम्ही हजार फुटांच्या आसपास पोहोचलेले असता. नाक थोडं खाली, पिवळा नॉब ओढायचा, खट्! केबल सुटते. मग ऐकू येतो तो फक्त वारा.

आता ग्लायडर हळूहळू खाली यायला लागतं. शांत हवेत एक किलोमीटर उंचीवरून आजचं ट्रेनिंग ग्लायडर ३० किलोमीटरच्या आसपास जाऊ शकतं. पण वर जायचं असेल तर थर्मल शोधावा लागतो. नांगरलेलं शेत किंवा खडकाळ माळ उन्हाने तापला की त्याच्यावरची गरम हवा वर चढते. घारी पंख न हलवता गोल गोल फिरत वर जातात, त्या याच हवेवर. तुम्हीही तिथे वळण घ्यायचं. व्हेरिओमीटरचा काटा वर सरकला, की समजायचं, लिफ्ट मिळाली! आणि नाहीच मिळाली, तर पाच-सात मिनिटांत खाली.

खरी मेख इथेच आहे. लँडिंग जमत नाहीये असं वाटलं, तर इंजिनवालं विमान पुन्हा वर जाऊ शकतं. तुम्हाला मात्र एकच चान्स. म्हणून ‘केबल मध्येच तुटली तर?’ याचं उत्तर निघण्याआधीच तयार ठेवायचं. आधी नाक खाली करून वेग मिळवायचा, मग सरळ पुढे उतरायचं की छोटं वळण घ्यायचं, ते उंची बघून ठरवायचं. घाबरून नाक वरच धरून ठेवलं, तर वेग संपतो आणि पंख ग्लायडरला पेलू शकत नाहीत. मनाला वाटतं त्याच्या उलट वागायची ही सवय सरावानेच लागते.

ती किती कामाची आहे, ते १९८३ मध्ये कॅनडात दिसलं. एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ मधलं इंधन सुमारे ४१ हजार फुटांवर संपत आलं आणि दोन्ही इंजिनं बंद पडली. इंधन भरताना किलो आणि पाउंडांचा घोळ झाला होता. कॅप्टन बॉब पिअर्सन ग्लायडरही उडवायचे. विमान तिरकं घसरवत उंची झटकन कमी करायची ग्लायडरवाल्यांची युक्ती त्यांनी वापरली आणि गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर ते उतरवलं. विमानातले सगळे ६९ जण वाचले.

तुम्हाला जायचं असेल, तर आधी चौकशी करा. उड्डाणं सुरू आहेत का, वयाची आणि वजनाची अट काय, हे विचारून घ्या. पाणी, टोपी आणि बूट न्या. पोट तडस लागेपर्यंत भरू नका. आणि एका राइडवर समाधान होत नसेल, तर शिकायलाच लागा.

मग दिवसभरात तुमच्या वाट्याला सात मिनिटं येतील आणि उरलेला वेळ इतरांसाठी ढकलाढकलीत जाईल. पहिल्या दिवशी हे महागात पडल्यासारखं वाटेल. पण संध्याकाळी सगळ्यांसोबत ग्लायडर हँगरमध्ये ठेवताना एक गोष्ट लक्षात येईल. तुम्ही वर गेलात, कारण खाली कुणीतरी तुमचा पंख धरून धावलं होतं. उद्या त्याच्यासाठी धावायची पाळी तुमची!