पिसांची गादी, पोलादी नळ्यांची

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याची एक सवय जुन्या वाचकांना आठवत असेल. कुणी आपटलेली सायकल घेऊन आले, की तो चाकांना लगेच हात लावत नसे. सायकलच्या मागे उकिडवा बसून, एक डोळा मिटून तो दोन्ही चाकांवरून नजर टाकी आणि निकाल देई, ‘‘फ्रेम गेली साहेब. आता नवीन टायर घाला नाही तर घंटी, ही सरळ चालायची नाही.’’

मोटारसायकलच्या बाबतीत मात्र आपण हे विसरतो. बुलेट गल्लीत शिरली की तिची धडधड ऐकून माणसे खिडकीत येतात. कौतुक होते ते इंजिनाचे, टाकीवरच्या सोनेरी पट्ट्यांचे. या सगळ्याला धरून ठेवणारा नळ्यांचा सांगाडा कुणाच्या लक्षातही येत नाही. पण ब्रिटिश रेसिंग मोटारसायकलींचा एक मोठा विजय या सांगाड्याचा होता, आणि तो हाताने घडवलेला होता.

इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रात आयल ऑफ मॅन नावाचे बेट आहे. १९०७ सालापासून तिथे ‘टूरिस्ट ट्रॉफी’ची शर्यत होते. तिच्या डोंगरी मार्गाची एक फेरी सुमारे ३७.७ मैलांची, म्हणजे ६० किलोमीटरहून थोडी जास्त. हा मार्ग एरवी रोजच्या रहदारीचा. शर्यतीपुरता तो बंद करतात. एका बाजूला घरांच्या भिंती, दुसऱ्या बाजूला दगडी कुंपण आणि मध्येच एक कमानदार पूल, जिथे गाडीची दोन्ही चाके जमीन सोडतात. या मार्गावर आजवर २५०हून अधिक स्वारांनी प्राण गमावले आहेत. इथे गाडी वळणावर किंचित डुलली, तरी समोर भिंत असते.

बर्मिंगहॅमच्या नॉर्टन कंपनीने युद्धापूर्वी या बेटावर राज्य केले होते. पण युद्धानंतर इटलीची गिलेरा कंपनी चार सिलिंडरचे इंजिन घेऊन मैदानात उतरली. नॉर्टनचे इंजिन एकाच सिलिंडरचे. त्यातून आणखी थोडी ताकद पिळून काढायचा खटाटोप चालू असला, तरी खरे दुखणे वेगळेच होते. नॉर्टनचा सांगाडा जड होता. ओतीव सांध्यांत नळ्या बसवून तो झाळलेला असे आणि खडबडीत रस्त्यावर त्याला तडेही जात. बागेच्या फाटकासारख्या आकारामुळे लोक त्याला ‘गार्डन गेट’च म्हणत.

दुखणे नेमके ओळखले ते बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेसने. हा माणूस कुठल्या कॉलेजातून शिकून आलेला नव्हता. स्वतः शर्यतीत उतरलेला, स्वतःच्या हाताने गाड्या मोडून जोडलेला. ताकद असली तरी चाके रस्त्यावर टिकली नाहीत, तर ती वाया जाते, एवढे त्याला पक्के उमगले होते.

त्याची युक्ती ऐकायला साधी वाटते. दोन लांब नळ्या घ्यायच्या. प्रत्येक नळी टाकीखालून मागे, तिथून खाली, मग इंजिनाखालून पुढे आणि पुन्हा वर, अशी वळवत न्यायची. हँडलच्या खांबापाशी वरच्या आणि खालच्या नळ्यांची कैची करायची, म्हणजे तो खांब चिमट्यात धरल्यासारखा घट्ट बसतो. मागच्या चाकाला बिजागरीवर हलणारा दांडा आणि शॉकअॅब्सॉर्बर. रस्ता कसाही असला तरी चाक खालीवर होईल, पण दोन्ही चाकांची रेषा सुटणार नाही. सायकलवाला एक डोळा मिटून शोधतो, तीच ही रेषा!

अडचण होती ती हे घडवण्याची. जाड ओतीव सांधे काढून टाकले, की पातळ नळ्या थेट एकमेकींना जोडाव्या लागतात. उष्णता जास्त झाली तर पोलाद कमजोर होते; कमी पडली तर सांधा कच्चा राहतो. यावर उपाय पितळी झाळकामाचा. पोलादापेक्षा कमी तापमानाला वितळणारी पितळेच्या जातीची सळई ज्योतीखाली धरून, थेंबावर थेंब बसवत सांधा भरायचा. सगळा हिशेब कारागिराच्या डोळ्यांत आणि मनगटात! आणि हे काम खुद्द नॉर्टनच्या कारखान्यात होईना. रेसिंगचे सांगाडे बर्मिंगहॅममधल्याच, सायकलींच्या नळ्यांसाठी नावाजलेल्या रेनॉल्ड्स कंपनीत एकेक करून हातांनी झाळले जात. टाकीवर नाव नॉर्टनचे आणि हात मात्र दुसऱ्याच कुणाचे.

हॅरॉल्ड डॅनियल हा नॉर्टनचा जुना, जाणता स्वार. या सांगाड्यावर बसून आल्यावर पिसांच्या गादीवर बसल्यासारखे वाटले, असे तो म्हणाला. तेव्हापासून त्याचे नाव ‘फेदरबेड’ पडले. १९५० सालच्या जूनमध्ये आयल ऑफ मॅनच्या ज्युनिअर आणि सीनिअर, दोन्ही शर्यतींत पहिले तिन्ही क्रमांक नॉर्टनने पटकावले. सीनिअर शर्यत जिंकली ती जेफ ड्यूक या तरुणाने. पुढच्याच वर्षी ३५० आणि ५०० सीसी अशी दोन्ही जगज्जेतेपदे त्याने मिळवली. इंजिनात इटालियन पुढे होते, पण वळणावर नॉर्टन हातून निसटत नव्हती.

अर्थात सांगाड्यालाही मर्यादा असतात. एक सिलिंडर चारांना किती दिवस पुरे पडणार? १९५३ साली ड्यूक स्वतःच गिलेराकडे गेला आणि सलग तीन वर्षे जगज्जेता ठरला. नॉर्टनने मात्र आहे त्याच इंजिनावर दिवस काढले.

इंग्लंडमध्ये तेव्हा ५०० सीसीच्या छोट्या रेसिंग मोटारींची चलती होती आणि त्यांना नॉर्टनचे इंजिन हवे असे. कंपनी नुसते इंजिन विकत नसे. मग मोटारवाले अख्खी मोटारसायकल घेत, इंजिन काढून मोटारीत बसवत आणि सांगाडा कोपऱ्यात टाकून देत. हौशी पोरांनी हे सांगाडे उचलले, त्यांत ट्रायंफचे इंजिन बसवले आणि त्या संकराला ‘ट्रायटन’ म्हटले. एकाने टाकलेले दुसऱ्याला सोने वाटले. पुढे रिकमन बंधू आणि कॉलिन सीली यांनी तर हाती घडवलेल्या सांगाड्यांवरच नाव कमावले. रिकमन बंधूंचे निकेलचा मुलामा दिलेले सांगाडे आजही शौकीन जिवापाड जपतात.

नॉर्टनच्या या रेसिंग मोटारसायकलचे उत्पादन १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला थांबले. तरीही १९६९ साली युगोस्लाव्हियातल्या ओपातिया येथे गॉडफ्री नॅशने तिच्यावर ५०० सीसीची ग्रां प्री जिंकली. जगज्जेतेपदाच्या शर्यतीत त्या वर्गात एका सिलिंडरने मिळवलेला तो शेवटचा विजय!

काळाची गंमत अशी, की या कहाणीचे धागे आता भारतात येऊन पोचले आहेत. २०१३ साली आलेल्या रॉयल एनफिल्ड काँटिनेंटल जीटीचा सांगाडा ब्रिटनच्या हॅरिस परफॉर्मन्सने विकसित केला आणि २०१५ साली रॉयल एनफिल्डने ती कंपनीच घेतली. २०२० साली खुद्द नॉर्टन टीव्हीएसच्या मालकीची झाली. नाव विकत घेता येते, नकाशेही घेता येतात. पण सांधा पुरेसा तापला की नाही, हे तापलेल्या धातूच्या रंगावरून ओळखणारा डोळा विकत मिळत नाही. तो कुणाच्या तरी शेजारी उभे राहून, वर्षानुवर्षे बघून तयार होतो. शिकवणारा गेला आणि शिकणारा आलाच नाही, तर तो त्याच्याबरोबरच मिटतो.

पुढच्या वेळी एखादी जुनी मोटारसायकल उभी दिसली, तर टाकीवरचे नाव वाचून झाल्यावर जरा खाली वाका. टाकीखाली, जिथे दोन नळ्या एकत्र येतात, तिथे पितळी थेंबांची बारीक, एकसारखी रांग दिसली, तर घरातल्या मुलांनाही ती दाखवा. कुण्या अनाम कारागिराची ती सही आहे.