नगरच्या ह्यूमांची तीन पिढ्यांची ये-जा

वाकडला एप्रिल-मे म्हणजे घरं हलवायचे दिवस. शाळांचे निकाल लागले की कस्पटे वस्तीपासून भूमकर चौकापर्यंत सोसायट्यांच्या गेटवर पॅकर्स-मूव्हर्सचे टेम्पो उभे दिसतात. कोणी हिंजवडीच्या कंपनीतून ऑनसाइट निघालेलं, कोणी परतून आलेलं. चाकणच्या कारखान्यातला करार संपवून मायदेशी निघालेलं एखादं परदेशी कुटुंबही त्यात असतं. खोक्यांवर मार्करने लिहिलेलं असतं: भांडी, पुस्तकं, देव. शाळेचा दाखला, आईवडिलांची औषधं, गॅसचं कनेक्शन, विकायची गाडी, सगळं एकाच पंधरवड्यात येऊन आदळतं.

परदेशात संसार थाटलेल्या कुटुंबांची ही धावपळ महाराष्ट्राने दोनशे वर्षांपूर्वीपासून पाहिलेली आहे. वाकडहून चाकण-शिक्रापूरमार्गे नगर रस्त्याला लागलं, की साधारण सव्वाशे किलोमीटरवर नगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर. तिथल्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये ह्यूम घराण्याच्या पिढ्यांनी काम केलं. या मिशनच्या शाळा, छापखाना, दुष्काळातलं मदतकार्य, धर्मांतरं यांवर बाजूने आणि विरोधात भरपूर लिहिलं गेलं आहे. पण मिशनरी हा एकटा माणूस नव्हता, ते एक कुटुंब होतं. त्या कुटुंबाच्या जाण्या-येण्याच्या काळाकडे आपण फारसं पाहिलेलं नाही. मला तो काळ फार महत्त्वाचा वाटतो. या माणसांचे विचार बदलले ते बहुतेक अशाच काळात, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा बायका-मुलांनी मोजली.

केपला वळसा

अमेरिकन बोर्ड ही मिशनरी धाडणारी संस्था १८१० साली मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झाली. दोन वर्षांनी तिची पहिली तुकडी हिंदुस्थानकडे निघाली. कलकत्त्याला पोचताच ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना निघून जायला सांगितलं. तुकडीतली हॅरिएट न्यूएल ही नवविवाहिता मॉरिशसला गेली आणि नोव्हेंबर १८१२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तिथेच वारली. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोचले आणि पुष्कळ अर्ज-विनंत्यांनंतर त्यांना राहता आलं. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात ती. हॉलने पुढे बायको-मुलांना अमेरिकेला धाडलं आणि स्वतः मागे राहिला. मार्च १८२६ मध्ये नाशिककडे दौऱ्यावर असताना पटकीने त्याचा अंत झाला. बातमी घरी पोचायलाही महिने लागायचे. नवरा गेल्यावर कित्येक दिवस बायको तो जिवंत आहे असं समजून पत्रं लिहीत राही, असा तो जमाना.

या वाटेवरून १८३९ मध्ये रॉबर्ट विल्सन ह्यूम आणि त्याची पत्नी हॅना मुंबईला आले. सुएझचा कालवा खुला झाला १८६९ मध्ये. तोवर बॉस्टन ते मुंबई हा आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून जाणारा चार-पाच महिन्यांचा प्रवास होता. ह्यूमने पंधरा वर्षं मुंबईत काम केलं. १८४२ साली नगरला सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या पत्राचं संपादनही त्याने काही वर्षं सांभाळलं. तब्येत पार ढासळली तेव्हा, १८५४ मध्ये, सगळं कुटुंब अमेरिकेला निघालं. केपच्या आसपास, भर समुद्रात ह्यूम वारला. हॅना मुलांना घेऊन कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनला पोचली आणि तिथे तिने एकटीने त्यांना वाढवलं.

मुंबईत भायखळ्याला जन्मलेला रॉबर्ट ॲलन तेव्हा सात वर्षांचा होता, एडवर्ड त्याहून लहान. त्यांच्या दृष्टीने ‘घरी’ जाणं म्हणजे कधीही न पाहिलेल्या गावाला जाणं होतं. बाप वाटेत गेला आणि पोचले तो देश परका. तरीही दोघे भाऊ मोठे होऊन मराठी मुलखातच परतले. रॉबर्ट १८७४ मध्ये नगरला आला, एडवर्ड पुढच्या वर्षी आला आणि मुंबईत भायखळ्याच्या मिशन शाळेत रमला.

फर्लोचं वर्ष

रॉबर्टची पत्नी ॲबी बर्जेस हीसुद्धा मिशनरी घरातली. तिचे वडील एबेनेझर बर्जेस या मिशनमध्ये होते. ‘सूर्यसिद्धान्त’ या आपल्या ज्योतिषग्रंथाचं त्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर १८६० मध्ये प्रसिद्ध झालं. ही घराणी अशी एकमेकांत गुंतलेली होती. रॉबर्टने १८७८ मध्ये नगरला धर्मशिक्षणाचं विद्यालय काढलं आणि १८८१ मध्ये ॲबी वारली. पदरी लहान मुलं, अंगावर विद्यालय, आणि भोवती खेडोपाड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्या.

मिशनमध्ये सात-आठ-दहा वर्षांच्या कामानंतर मायदेशी जायची मोठी रजा मिळे, तिला फर्लो म्हणत. नाव रजेचं असलं तरी त्या दिवसांत उसंत नसे. गावोगावच्या चर्चमध्ये भाषणं द्यायची, कामासाठी पैसा उभा करायचा, दुखणी दाखवून घ्यायची, म्हाताऱ्या आईला भेटायचं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे मुलांची सोय लावायची. बॉस्टनजवळच्या ऑबर्नडेलला मिशनऱ्यांच्या मुलांसाठी खास वसतिगृह होतं. तिथे किंवा नातेवाइकांकडे मुलांना ठेवून आईबाप पुन्हा बोटीत बसत. पुढची भेट कित्येक वर्षांनी.

रॉबर्ट ह्यूमचा १८८६-८७ चा फर्लो याहून वादळी ठरला. ज्यांच्या कानावर येशूचं नावही न पडता ज्यांचं आयुष्य संपलं, त्यांचं काय? त्यांना मृत्यूनंतर तरी संधी मिळेल की नाही? या प्रश्नावर अमेरिकन चर्चमध्ये तेव्हा मोठं वादंग चाललं होतं. ह्यूमने जाहीरपणे आशेच्या बाजूने कौल दिला. त्याच्या मागे नगरचा अनुभव होता. जिथे दर भाद्रपदात पितरांना पान वाढलं जातं, तिथे नव्या धर्माचं ऐकणारा माणूस आधी हाच प्रश्न विचारणार: मग आमच्या वाडवडिलांचं काय? ‘ते नरकात’ हे उत्तर त्याच्या तोंडावर देणं ह्यूमला जड गेलं.

बोर्डाने त्याला हिंदुस्थानात परत पाठवायचं की नाही यावरच खल सुरू केला. म्हणजे एकीकडे बायको गेलेली, मुलं लहान, जन्मभूमीत परतायचा रस्ता अडलेला. दुसरीकडे आपल्याच माणसांसमोर आपली श्रद्धा शाबीत करायची वेळ. अखेर १८८७ मध्ये परवानगी मिळाली. त्याच वर्षी त्याने केटी फेअरबँकशी लग्न केलं. नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याला वर्षानुवर्षं राहिलेल्या सॅम्युएल फेअरबँक यांची ही मुलगी. घर पुन्हा उभं राहिलं आणि ह्यूम नगरला परतला. मिशनरी शिकवायला येतो हे आपण ऐकलेलं असतं. नगरने या माणसाला काहीतरी शिकवलं होतं, आणि ते शिकणं त्याला आपल्याच घरी महागात पडलं होतं.

मुलांच्या वाट्याचं

या कुटुंबांत जन्मलेली मुलं मराठी ऐकत वाढत. आया, माळी, टांगेवाला, शाळेतले सवंगडी, सगळे मराठी. सहा-सात वर्षांची झाली की त्यांना अमेरिकेला धाडायची वेळ येई, कारण उन्हाळा, पटकी आणि देवीची भीती मोठी होती आणि इंग्रजी शाळांची वानवा. कोडाईकनालला मिशनऱ्यांच्या मुलांची शाळा निघाली १९०१ मध्ये. तिच्यामुळे ताटातूट समुद्रापलीकडून डोंगरापलीकडे आली, एवढाच फरक. वसतिगृह काही टळलं नाही.

या दुभंगलेल्या बालपणातून काय निघालं ते पाहण्यासारखं आहे. रॉबर्ट ह्यूमची मुलगी रूथ डॉक्टर होऊन नगरला परतली आणि तिथल्या मिशनच्या बायकांच्या दवाखान्याची उभारणी तिने केली. परपुरुषाकडून तपासून घ्यायला तयार नसलेल्या बायकांसाठी बाई-डॉक्टर म्हणजे जगण्या-मरण्याचा प्रश्न होता. तिचा भाऊ रॉबर्ट अर्नेस्ट १८७७ मध्ये नगरला जन्मला. त्याने तेरा प्रमुख उपनिषदांचं इंग्रजी भाषांतर केलं. ते १९२१ मध्ये निघालं आणि पुढे कित्येक दशकं पाश्चात्त्य अभ्यासकांच्या हाताशी राहिलं. मुंबईच्या एडवर्डचा मुलगा, तोही एडवर्डच, १८७६ मध्ये नगरलाच जन्मला, डॉक्टर झाला आणि चीनमधल्या चांगशा शहरात त्याने मोठं रुग्णालय उभं केलं. उपनिषदांकडे वळायला किंवा चीनमध्ये जाऊन चिनी बोलायला जी मनाची तयारी लागते, तिची बीजं या घरांत पडली असावीत असं मला वाटतं. पण म्हणून त्या ताटातुटीचं समर्थन होत नाही. वसतिगृहात रात्री उशीत तोंड खुपसून रडलेल्या मुलांची नावं कुठल्या अहवालात येत नाहीत.

बंगल्यामागचं काम

अमेरिकन बोर्डाच्या कागदांत मिशनऱ्याच्या बायकोची नोंद ‘साहाय्यक मिशनरी’ अशी होई. पगार नवऱ्याच्या नावे. प्रत्यक्षात बंगला तीच चालवी. तिच्याकडे मुलींच्या शाळा, शिवणवर्ग आणि औषधपाणी असे. खेडोपाडी फिरणाऱ्या बायबलबायांचं प्रशिक्षण, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं जेवणखाण आणि मायदेशच्या देणगीदारांना न चुकता लिहायची पत्रं हेही तीच पाहत असे. घर हलवायची वेळ आली की हे सगळं कोणाच्या तरी हाती सोपवून निघावं लागे.

या चौकटीबाहेरची बाई म्हणजे सिंथिया फरार. ती अविवाहित होती. १८२७ मध्ये मुंबईला आली, १८३९ मध्ये नगरला गेली आणि १८६२ मध्ये तिथेच वारली. तिने चालवलेल्या नगरच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या आणि त्यातून आपल्याला प्रेरणा मिळाल्याचं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. पुण्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली, तिच्या मागच्या अनेक कारणांत नगरच्या या एकट्या बाईचं कामही येतं.

ज्यांना परतीची वाट नव्हती

मिशनरी कुटुंबाचे हाल सांगताना एक गोष्ट विसरता कामा नये. त्यांच्यापाशी परतीचं तिकीट होतं आणि पाठीशी राज्यकर्त्यांचा रंग होता. त्यांच्या शेजारी, त्याच कंपाउंडात, मराठी कुटुंबंही मुळासकट बदलत होती. त्यांना मागे जायला घर उरत नव्हतं.

कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंना ते कळलं तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. पुढची काही वर्षं त्या नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. मग नवऱ्याकडे आल्या, पण सोवळंओवळं सांभाळत, स्वयंपाकपाणी वेगळं ठेवत. स्वतःच्या मनाशी वाद घालत घालत त्यांनी एकेक बंधन सोडलं आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी हे सगळं इतक्या निखळपणे सांगितलं आहे की मिशन कंपाउंड आतून कसं होतं हे कळायला त्याहून चांगलं मराठी पुस्तक मला माहीत नाही. त्यात साहेब आहेत, मडमा आहेत, दुष्काळ आणि प्लेग आहे, आणि पोरकी झालेली मुलं घरात आणणारी बाई आहे.

त्याच सुमारास १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ पडला. नगर जिल्हा होरपळला. अमेरिकेतून आलेली मदत वाटण्यात रॉबर्ट ह्यूम पुढे होता, त्यासाठी सरकारने त्याला कैसर-ए-हिंद पदक दिलं. अनाथ मुलांनी मिशनची वसतिगृहं भरून गेली. भुकेच्या काळात दिलेल्या भाकरीबरोबर धर्मही येतो का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला, आजही विचारावा. पण मरणाच्या दारातून परत आलेल्या मुलांचे वारस त्याचं उत्तर काय देतात, हेही ऐकून घ्यावं.

सोपवून जाणं

परदेशी कुटुंबाची खरी परीक्षा त्याच्या जाण्यात असते असं मला वाटतं. टिळकांनी ती परीक्षा घेतली. मिशनच्या पगारावर जगणाऱ्या, साहेबाच्या तोंडाकडे पाहणाऱ्या मंडळीत मराठी ख्रिस्ती माणूस ताठ उभा राहणार कसा, हा त्यांचा सवाल होता. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला आणि अभंग, भजन, कीर्तन यांतून मराठी मातीतली भक्ती उभी केली. दोन वर्षांत ते गेले, पण त्यांनी मांडलेला प्रश्न मिशनला टाळता आला नाही.

रॉबर्ट ह्यूमने बावन्न वर्षांनी, १९२६ मध्ये नगर सोडलं आणि १९२९ मध्ये अमेरिकेत त्याचं निधन झालं. रूथने उभारलेला दवाखाना १९३९ मध्ये मुक्तिफौजेकडे गेला, तो आज इव्हँजेलिन बूथ रुग्णालय म्हणून चालतो. शाळा आणि मंडळ्या मराठी हातांत आल्या. नागपूरला १९७० मध्ये उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली, तोवर अमेरिकन कुटुंबांची वर्दळ जवळपास संपलेली होती.

आता राहिलंय ते कागदाचं काम, आणि त्याची मला खरोखर काळजी वाटते. अमेरिकन बोर्डाचे अहवाल आणि पत्रं हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात नीट जपलेली आहेत. कंपाउंडाच्या मराठी बाजूचं तसं काही नाही. लक्ष्मीबाईंसारखं लिहिणारं हजारांत एखादंच. बाकीच्यांची बाजू नगर, वडाळा, राहुरी, शिरूर इथल्या घरांतल्या ट्रंकांमध्ये आहे: बाप्तिस्म्याचे दाखले, बायबलबाई असलेल्या पणजीची वही, शाळेचे गटफोटो, अमेरिकेहून आलेल्या नाताळच्या चिठ्ठ्या. ही घरंही आता हलताहेत. नवी पिढी पुण्यात, पिंपरी-चिंचवडला, परदेशात जातेय, आणि घर हलताना जुना कागद सगळ्यात आधी रद्दीत जातो. मंडळ्यांनी आणि महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी मिळून हे कागद स्कॅन करून घ्यावेत, ऐंशी-नव्वदीतल्या आजी-आजोबांची बोलणी ध्वनिमुद्रित करावीत. नाहीतर या दोनशे वर्षांची गोष्ट पुढेही फक्त बोटीतून आलेल्यांच्या पत्रांवरूनच लिहिली जाईल.